बांधाआडची खाडी

नेत्रा ठाकूर पनवेलला राहायला येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी अवस-पुनव जवळ आली की ती भरतीचं वेळापत्रक उघडून बघायचीच. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, खाडी तिथून पार लांब. भरतीचं पाणी तिच्या दारात येण्याचा काही संबंध नव्हता. पण ती वाढली होती धरमतरच्या खाडीकाठी, वाघखार नावाच्या आगरी गावात, आणि तिथली शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. खाडी आणि शेत यांच्यामध्ये उभा असतो तो फक्त मातीचा बांध. गावात त्याला बाहेरकाठा म्हणतात. तो धरून आहे तोवर आत भात पिकतं. त्याला खांड गेली, म्हणजे तो फुटला, की खारं पाणी आत शिरतं आणि मग काही वर्षं त्या शेतात धड गवतही उगवत नाही.

नेत्रा चौथीत असताना अशी खांड गेली होती. लोकांना वाटतं, बांध फुटला की पाणी गर्जत येतं. तिला आठवत होतं ते वेगळंच. दुपारी ती शाळेतून आली तेव्हा भाताच्या रोपांमधून पाणी आवाज न करता पुढे सरकत होतं, त्यावर काडीकचरा तरंगत होता, आणि तिची आई सगुणा पडवीत उभी राहून नुसती बघत होती. वडील, दयाराम, बांधाकडे धावले होते ते चिखलाने माखून परतले. पुढे कितीतरी वर्षं घर मिठागरावरच्या मजुरीवर चाललं. थोरला भाऊ दिपेश शाळा सोडून ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. नेत्रा मात्र शिकली. दिपेशनेच हट्ट धरला होता. "एकानं तरी शिकायला पायजे. ही शिकंल," असं त्यानं वडिलांना सांगितलं आणि तो विषय संपवला.

ती आर्किटेक्ट झाली आणि पुढे भूदृश्यरचना, म्हणजे लँडस्केप, हा विषय घेतला, तो एका चित्रामुळे. जमिनीकडे बघण्याच्या कल्पना पाश्चात्त्य देशांत कशा बदलत गेल्या हे शिकवताना सरांनी पडद्यावर एक जुनं डच चित्र लावलं होतं. वर भलंमोठं आभाळ, खाली सपाट ओली जमीन, आणि त्या दोहोंमध्ये एक बारीक उंचवट्याची रेघ. वर्गातली मुलं ढगांविषयी बोलत होती. नेत्राला ती रेघ ओळखू आली. तो बाहेरकाठा होता.

मग तिनं त्या मुलखाविषयी मिळेल ते वाचलं. 'लँडस्केप' हा शब्दच तिकडच्या सखल, पाण्याशी झुंजणाऱ्या प्रदेशातून आला होता. सुरुवातीला त्याचा देखाव्याशी फारसा संबंध नव्हता. त्याचा अर्थ होता मुलूख: तिथली जमीन, तिथली माणसं आणि त्यांनी आपसांत ठरवलेले रिवाज. कुणी कुठला बांध राखायचा, पाणी केव्हा सोडायचं, कामाला कुणी आलं नाही तर त्याचं काय करायचं, हे सगळं त्यात आलं. वाघखारमध्येही पूर्वी जोळ होती. बांधाच्या कामाला घरटी एक माणूस जायचाच, त्याला जोळ म्हणत. आपल्याच गावची गोष्ट कुणीतरी परक्या भाषेत लिहून ठेवली आहे असं तिला तेव्हा वाटलं.

त्या गोष्टीचा पुढचा भाग मात्र तिला आवडेना. चित्रकारांनी त्या मुलखाची चित्रं काढली, ती समुद्रापार इंग्लंडात गेली, आणि चित्रांबरोबर शब्दही गेला. तिथं त्याचा अर्थ आधी चित्र एवढाच उरला आणि मग चित्रात शोभेल असा देखावा. श्रीमंत लोक आपल्या जमिनी चित्रांबरहुकूम घडवून घेऊ लागले. टेकाडं रचली, ओढे अडवून तळी केली. काही ठिकाणी तर देखाव्याच्या आड येणारी गावंच्या गावं उठवून दुसरीकडे बसवली. हे सगळं नेत्रा पुढे स्वतः नवी मुंबईतल्या एका कॉलेजात शिकवू लागली. हा भाग आला की तिचा आवाज थोडा चढायचा, आणि मुलं एकमेकांकडे बघून हसायची.

शिकवण्याबरोबर ती अल्पेशभाईंच्या ऑफिसात कामही करायची. मांडव्याला गाड्या घेऊन येणारी बोट सुरू झाल्यापासून मुंबईची बडी माणसं अलिबागच्या बाजूला बंगले बांधत होती, आणि त्या बंगल्यांच्या बागा आखून देणं हा अल्पेशभाईंचा धंदा होता. माणूस कष्टाळू, गोडबोल्या. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं तेवढं त्यांना जमत नसे. हिवाळ्यात त्यांनी नवं काम आणलं, ते नेमकं वाघखारचं. गावच्या उत्तर टोकाला, बाहेरकाठ्याला लागून, मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं मोठी जागा घेतली होती.

जागेवरच्या पहिल्या बैठकीत त्या मालकाची एकच तक्रार होती. नव्या बंगल्याच्या ओट्यावर खुर्ची टाकून तो बसला आणि म्हणाला, "खाडीकाठची जमीन घेतली, आणि बसल्या जागी काय बघायचं? मातीची भिंत?"

नेत्रानं बांध कशासाठी आहे ते समजावलं. मग चहा घेताना, बोलण्याच्या ओघात, तिनं इंग्लंडातल्या त्या बागांची गंमत सांगितली. हिरवळीवर गुरं शिरू नयेत म्हणून कुंपण तर हवं, पण कुंपण दिसलं की चित्र बिघडतं. म्हणून ते लोक जमिनीत खोल चर खणत आणि त्याची एक बाजू दगडानं बांधून काढत. वाड्यातून पाहिलं की चर दिसायचाच नाही. हिरवळ, कुरणं आणि लांबची टेकडी, सगळं सलग आपलंच वाटायचं. माणसाची हाव कुठवर जाते ते दाखवायला ती हे वर्गात सांगायची. मालकानं पुढे वाकून विचारलं, "म्हणजे अडथळा खाली घ्यायचा. समोरचं मोकळं होतं. बरोबर?"

"ते गुरांसाठी होतं," नेत्रा म्हणाली. "पाणी चरात अडत नाही."

अल्पेशभाई हसले आणि त्यांनी विषय बदलला. पुढे तिनं जो नकाशा दिला त्यात बांधाला हात लावलेला नव्हता. बंगल्याचा ओटा एका बाजूनं उंच करून तिथं बसायची जागा काढली होती. तिथून बांधावरून पलीकडचं पाणी दिसलं असतं. अल्पेशभाईंनी नकाशा ठेवून घेतला. "शेठना दाखवतो," म्हणाले. मग कॉलेजच्या परीक्षा आल्या, आणि नेत्रा त्यात अडकली.

आषाढ सरत आला तेव्हाची गोष्ट. वर्गात ती एक जुनी वस्तू समजावत होती. देखावे बघत हिंडणारे प्रवासी एके काळी खिशात काळसर काचेचा छोटा आरसा बाळगत. एखाद्या सुंदर जागी पोचले की तिच्याकडे पाठ करून उभे राहत आणि आरशात तिचं प्रतिबिंब बघत, कारण आरशात ती चित्रासारखी दिसे. नेत्रानं काचेला मागून काळा रंग देऊन तसा आरसा बनवून आणला होता. मुलं खिडकीकडे पाठ करून पाळीपाळीनं त्यात बघत होती. तेवढ्यात तिच्या फोनवर दिपेशनं पाठवलेला फोटो आला.

दिपेशचे आता स्वतःचे दोन डंपर होते आणि एक पोकलेन. फोटोत तो पोकलेन बाहेरकाठ्यावर उभा होता. बंगल्यासमोरचा बांध बऱ्याच लांबीवर माणसाच्या छातीइतका खाली आला होता आणि त्यावरून खाडी दिसत होती. खाली दिपेशनं लिहिलं होतं, "तुझं काम आम्हीच केलं. कसं दिसतंय?"

तिनं आरसा टेबलावर ठेवला. मुलांना काय सांगून ती बाहेर पडली हे तिला नंतर आठवेना. व्हरांड्यात उभं राहून तिनं भरतीचं वेळापत्रक उघडलं. दिव्यांची अवस तीन दिवसांवर होती, आणि मोठी भरती भर दुपारची.

पेण, वडखळ, पोयनाड करत ती वाघखारला पोचेपर्यंत पाऊस धरून होता. रस्ताभर तिनं अल्पेशभाईंना फोन लावले. शेवटी एकदा तो उचलला गेला.

"नेत्राबेन, टेन्शन घेऊ नका. परवानगीचं चालू आहे. वरचा थरच काढलाय फक्त."

"पावसाळ्यात? अवसेच्या तोंडावर?"

"शेठ श्रावणात येणार आहेत फॅमिलीला घेऊन. आणि पुढे खाडीत तिवरांची झाडं आहेत ना. लाटा तर तीच तोडतात."

"लाटेचा प्रश्नच नाही, अल्पेशभाई. पाणी चढतं. तिवरांमधून शांतपणे चढत येतं."

मग ते म्हणाले, "मी बघतो," आणि फोन बंद झाला.

बंगल्याच्या फाटकाशी पाटी होती. मालकाचं नाव, अल्पेशभाईंच्या ऑफिसचं नाव आणि त्याखाली ठळक अक्षरात 'लँडस्केप: नेत्रा ठाकूर, वाघखार'. गावाचं नाव मुद्दाम घातलं होतं. पाटी पावसात चकचकत होती. गावातल्या एकाही माणसानं हे काम का अडवलं नाही, ते तिला आता कळलं.

दिपेश बांधावरच भेटला. तिचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. गावात पाय ठेवला की नेत्राची भाषा आपसूक घरची व्हायची.

"दादा, हे कुनी सांगितलं तुला?"

"तुझाच नकाशा हाय म्हनले ना ते. कागद दाखवला, त्यावर तुझी सही व्हती."

"सही ओट्याच्या नकाशावरची हाय. बांधाचा नकाशा मी काढलाच न्हाय."

दिपेशनं टोपी काढून डोक्यावरचं पाणी निपटलं. "मना वाटलं, तू शिकलेली हायस. काहीतरी विचार केला असशील. मी एकदा म्हनलो पन, अवस जवळ हाय. तर म्हनले, मॅडमनं सगळं बघितलंय."

"माती कुठं टाकली?"

त्यानं बंगल्याच्या बाजूला बोट केलं. हिरवळीसाठी आणलेल्या लाल मातीखाली तीन ठसठशीत टेकाडं रचली होती. एकावर तर गवताच्या लाद्याही बसवून झाल्या होत्या. पिढ्यानपिढ्या दाबून, तुडवून घट्ट केलेली बाहेरकाठ्याची चिकणमाती आता त्या टेकाडांत होती. वर्गात नेत्रा अशाच टेकाडांची चित्रं दाखवायची.

घरी दयारामनं सगळं ऐकून घेतलं. त्यांचं वय झालं होतं, गुडघे धरले होते. गेले दोन महिने ते बांधाकडे फिरकलेच नव्हते. "बांध रुंद हाय," ते म्हणाले. "खाली झाला तरी धरंल. एवढं घाबरायचं काम न्हाय."

सगुणा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "त्या वक्तालाबी तुम्ही हेच म्हनलेलं."

दयाराम गुडघे धरत उठले आणि पडवीत जाऊन बसले. बाहेर शेतात नुकती लावणी झालेलं भात उभं होतं, आणि नेत्राला एकेका चोंढ्यातलं, म्हणजे भाताच्या खाचरातलं, पाणी गोडं आहे की खारं, हे जाऊन चाखून बघावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकी बसली. काळूराम हे गावकीचे पुढारी. त्यांचं शेत बंगल्याच्या अगदी शेजारी, खाली केलेल्या बांधाच्या आडोशाला. त्यांनी नेत्राकडे सरळ बघत विचारलं, "पाटीवर तुझं नाव हाय. आता तूच सांग."

नेत्रा उभी राहिली. वर्गात तासन्‌तास बोलणारी बाई, पण इथं तिनं चार वाक्यांत आटोपलं. तिनं एवढंच सांगितलं की ते नाव तिला न विचारता लावलं आहे, ओट्याच्या नकाशावरची सही बांधाच्या कामासाठी दाखवली आहे, अर्ज घेऊन सरकारी कचेरीत ती आजच जाणार आहे. पण कचेरीतून माणूस येईपर्यंत अवस येऊन जाईल. माती बंगल्याच्या आवारात आहे. ती खणून परत बांधावर टाकावी लागेल, आणि मालकाची परवानगी मिळणार नाही.

"म्हंजे चोरून?" कुणीतरी मागून विचारलं.

"उघड," नेत्रा म्हणाली. "आपलीच माती हाय."

माणसं कुजबुजली. जोळ बंद पडून जमाना झाला होता. अर्धं गाव कंपन्यांत कामाला, उरलेलं गाड्यांवर. बांधाचं काम म्हणजे सरकारचं, असं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. काळूराम हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. "बघू कोन येतंय," असं म्हणून ते उठले. नेत्रा कचेरीत जाऊन आली. तिथल्या साहेबांनी अर्ज घेतला, काळजीनं मान हलवली, आणि माणूस पाठवतो म्हणाले. कधी ते सांगता आलं नाही.

त्या दोन दिवसांत तिनं धड खाल्लं नाही. तिला राहून राहून एक जुना सिद्धान्त आठवत होता. युरोपातल्या विचारवंतांनी एके काळी निसर्गाची वर्गवारी केली होती. मऊ टेकड्या, संथ तळी, हे सुंदर. वादळ, कडे, खवळलेला समुद्र, हे भव्य. भव्याचा आनंद भीतीतून येतो, असं ते सांगत, फक्त एक अट होती: बघणारा सुरक्षित जागी हवा. परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा, आणि नेत्रा त्या अटीखाली लाल रेघ ओढायला सांगायची. आता त्या अटीच्या दोन्ही बाजू तिला रोज डोळ्यांसमोर दिसत होत्या. बंगल्याचा ओटा जोत्यावर होता, पाण्याच्या वर. काळूरामचं शेत खाली होतं.

अवसेच्या दिवशी सकाळी दिपेश पोकलेन घेऊन फाटकाशी उभा राहिला. राखणदारानं थोडी हुज्जत घातली, मग मालकाला फोन लावायला तो आत गेला. पोकलेनचा दात पहिल्या टेकाडात शिरला. गवताच्या लाद्या कडेला पडल्या. खाली लाल माती, आणि तिच्याखाली काळी, चिकट, ओळखीची माती निघाली.

माणसं आली. नेत्राला वाटली होती त्याहून कमी, पण आली. सगुणाबरोबर बचतगटाच्या बाया आल्या. रात्रपाळी करून परतलेले काही जण तसेच कपडे न बदलता आले. काळूराम फावडं घेऊन आले आणि कामाला लागले. डंपर बांधाच्या पायथ्याशी माती ओतायचा आणि तिथून पुढे रांग लावून हातोहात गोळे वर जायचे, कारण पावसानं नरम झालेल्या बांधावर गाडी नेणं शक्य नव्हतं. वरची माणसं पेंढ्याचा थर द्यायची आणि माती पायांनी तुडवायची. नेत्रा रांगेत उभी होती. हातातला गोळा निसटला की ती नकळत "सॉरी" म्हणायची आणि शेजारची बाई तिच्याकडे बघायची.

बारा वाजायच्या सुमाराला अल्पेशभाई पोचले. मांडव्याहून थेट आले होते, बूट हातात घेऊन चिखलातून चालत.

"नेत्राबेन, हे काय चाललंय? साइटची तोडफोड करताय तुम्ही. शेठ पोलिसांत जातील."

"जाऊ देत," नेत्रा म्हणाली. रांग थांबू नये म्हणून ती बोलतानाही गोळे पुढे देत होती. "मी जबाब देईन. माझं नाव लावलंच आहे तुम्ही."

"मी तुमच्या भल्यासाठी लावलं. गावचा माणूस म्हटलं की लोक..." ते थांबले.

"लोक विचारत नाहीत," नेत्रानं वाक्य पुरं केलं. "बाजूला व्हा, अल्पेशभाई. पाणी चढतंय."

खरोखरच चढत होतं. तिवरांची मुळं केव्हाच बुडाली होती, आता बुंधे बुडत होते. कुठेही लाट नव्हती. खाडी फक्त फुगत होती. अल्पेशभाई मागे सरले आणि बंगल्याच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. त्यांचा फोन वाजला. मालकाचा व्हिडिओ कॉल होता. अल्पेशभाईंना बहुधा तोडफोड दाखवायची होती. त्यांनी फोन फिरवून टेकाडाकडे धरला, बांधाकडे धरला. अजून न भरलेल्या बांधावरून खाडीचं चमचमतं पाणी दिसत होतं, अगदी काठोकाठ.

पाऊस थांबला होता, त्यामुळे फोनमधला आवाज खालपर्यंत ऐकू आला. "अरे वा," मालक म्हणाला. "काय सुंदर दिसतंय. हेच मला पाहिजे होतं."

रांगेतल्या कुणीही मान वर केली नाही. अल्पेशभाई फोन तसाच धरून उभे राहिले. मालक काहीतरी बोलत होता. त्यांनी फोन बंद केला आणि खिशात घातला. मग ते एकाएकी ओरडले, "नेत्राबेन, उजव्या हाताला! तिकडे वरून पाणी आत पडतंय!"

बांधावरच्या माणसांना ते दिसत नव्हतं, ओट्यावरून दिसत होतं. नवी माती आणि जुना बांध जिथं जुळत होते त्या सांध्यावरून पाण्याची पातळ पट्टी काळूरामच्या शेतात घसरत होती. दिपेश धावला. बाया धावल्या. वाळूच्या गोण्या, ताडपत्री, पेंढा, हाताला येईल ते तिथं कोंबलं. एक गोणी वाहून गेली. पट्टीची धार झाली, धारेनं माती कुरतडायला सुरुवात केली, आणि नेत्राच्या मनात एकच गोष्ट उरली, की तेव्हाही अशीच सुरुवात झाली असणार. काळूराम स्वतः त्या सांध्यात पाठ लावून बसले. त्यांच्या दोन्ही बाजूंनी माणसं बसली. पाठी, गोण्या आणि चिखल असा तो बांध धरून ठेवला. वरून अल्पेशभाई सांगत होते, इथून गळतंय, तिथं कमी झालं, आता डावीकडे बघा. बराच वेळ पाणी काठावर नुसतं थरथरत राहिलं. मग तिवरांच्या खोडांवर ओल्या रेषेच्या खाली चिखलाची एक बोटभर कड उघडी पडली.

ओहोटी लागली होती.

बांध वाचला. काळूरामचे दोन चोंढे आणि दयारामचा एक खाऱ्या पाण्याखाली गेले. बाकीचं गाव कोरडं, म्हणजे गोड्या पाण्यात राहिलं. माणसं आनंदानं ओरडली वगैरे नाहीत. ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो बसला. सगुणा पातेल्यातून चहा घेऊन आली.

दयाराम काठी टेकत कधी आले ते कुणी पाहिलं नव्हतं. उरलेल्या अर्ध्या टेकाडावर, गवताच्या लादीवर ते बसले होते. नेत्रा त्यांच्याशेजारी जाऊन बसली. समोर बांध अजून पुरता भरला नव्हता आणि त्यावरून खाडी दिसत होती, उतरत्या पाण्यावर ऊन पडलेलं, पलीकडच्या काठाचे डोंगर निळसर.

"हितून बरी दिसते," दयाराम म्हणाले.

नेत्रानं त्यांच्याकडे पाहिलं.

"जलमभर बांधावर गेलो तो फुटतोय का ते बघायला. बसून कधी बघितलीच न्हाय." चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "त्या शेठचं तेवढं चुकलं न्हाय. बघावंसं वाटतंय मानसाला."

तिच्याकडे यावर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. देखावा ही मालकाची नजर असते, हे गेल्या काही दशकांत अभ्यासकांनी दाखवून दिलं होतं आणि ती ते दरवर्षी शिकवायची. समोरच्या खाडीतलं आणि या टेकाडावरचं वडिलांच्या मालकीचं काहीच नव्हतं, तरी ते बघत होते. दोघं चहा संपेपर्यंत तिथं बसून राहिली, आणि मग दिपेशनं पोकलेन चालू केला तेव्हा त्याला जागा द्यायला उठली.

पुढच्या आठवड्यात कचेरीचा माणूस आला, त्यानं मोजमापं घेतली, आणि बांधाला हात लावायचा नाही अशी नोटीस मालकाला बजावली. पोलिसांत कुणी गेलं नाही. अल्पेशभाईंनी पाटी उतरवली. नेत्राला त्यांनी पुन्हा काम दिलं नाही, तिनंही मागितलं नाही. एकदा त्यांचा फोन आला होता. ओटा उंच करायचा तिचा जुना नकाशा वापरला तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. नाव नको, एवढीच अट घातली. दिपेश काही दिवस तिच्याशी तुटक वागला. आपल्याला फसवलं कुणी, आणि राग काढायचा कुणावर, हे त्याचं ठरत नव्हतं. काळूरामचं भात पिवळं पडून बसलं. गावातल्या काही घरांत अजूनही म्हणतात की दयारामच्या पोरीनं बांध खाली करवला, आणि मग लोकांच्या धाकानं भरून घेतला. नेत्रा ते ऐकून घेते.

कॉलेजात तिनं तोच विषय शिकवणं चालू ठेवलं आहे. भव्याचं प्रकरण आलं की आताशा ती भरभर पुढे सरकते. नव्या मातीचा बांध पुरा बसायला काही पावसाळे जातात. तोवर सांध्याची जागा कच्चीच राहणार, आणि या वर्षीची भादव्यातली उधाणं अजून यायची आहेत.